सात नंबरची डबी

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आजवर मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं, ते एकदा लिहून ठेवतो. मोटारीला तांब्याची तार गुंडाळायचं यंत्र, सायकलच्या चेनवर चालणारं. तेवीस वर्षं झाली, एक दात तुटलेला नाही. केळीचे वेफर पाडायचा खिसणा, जाडी दीड मिलिमीटर, पहिल्या कापापासून शेवटच्या कापापर्यंत तीच. अंडी उबवायची पेटी, साठातून एक्कावन्न पिलं. माझ्या मुलीचा, हेमांगीचा सागवानी पाळणा, एकही खिळा न ठोकता. जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटारीवर चालणारी ढवळणी. आणि परवा पूर्ण झालेलं, बाळांच्या अंगाला लावायचं क्रीम.

दहावी नापास माणसाची यादी आहे ही. नशिराबादला हायवेवर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि आमची मोटार परत येत नाही हे पाच गावांना माहीत आहे.

क्रीमचं कारण हेमांगीचा मुलगा. सप्टेंबरात बाळंतपणाला ती आमच्याकडे होती. पोराची कातडी गालावर आणि कोपरावर रव्यासारखी सुटायची. डॉक्टरांनी एक बाटली लिहून दिली. मी बाटलीवरची बारीक अक्षरं भिंगाखाली धरून वाचली. तेवीस नावं. त्यातली पाच मला उच्चारता आली. ज्या वस्तूचं नाव घेता येत नाही, ती माझ्या नातवाच्या अंगाला का लागावी? हेमांगी धुळ्याला सासरी परत गेली, पण तो प्रश्न इथेच राहिला. दोन महिने रोज तीन तास मोबाइलवर वाचून, ऐकून, लिहून काढलं.

माझ्या क्रीममध्ये सहाच वस्तू. यावलच्या बागेतून आणलेलं केळीच्या खोडाचं पाणी, उकळून, चार पदरी फडक्यातून गाळून: सत्तर टक्के. घाण्याचं खोबरेल. तिळाचं तेल. तेल आणि पाणी एकजीव करणारं मेण, तेवढंच मुंबईहून मागवलं. टिकावं म्हणून व्हिटॅमिन ईच्या गोळ्या फोडून. गुलाबाच्या अत्तराचे तीन थेंब. एकूण १७४० ग्रॅम उतरलं. चोवीस डब्या पन्नास ग्रॅमच्या, एक मोठी बरणी पाचशे ग्रॅमची, चाळीस ग्रॅम भांड्याला चिकटून वाया गेलं. ते चाळीस ग्रॅम अजून मनाला लागून आहेत.

डब्या वीस मिनिटं उकळल्या. प्रत्येकीवर नंबर आणि कागदी सील. एक नंबर नमुना म्हणून कपाटात. सात नंबर हेमांगीला, तिची जन्मतारीख सात म्हणून. लेबल मी स्वतः लिहिलं: शंभर टक्के रसायनमुक्त.

२४ नोव्हेंबर, रविवार

शकीलच्या मेडिकलवर डबी घेऊन गेलो. चाळीस वर्षांची दोस्ती, म्हणून पहिलं त्याला दाखवायचं.

त्यानं झाकण काढून वास घेतला. "पाणी आहे यात?"

"सत्तर टक्के. केळीचं."

"मग टिकवणारं काय टाकलंस?"

"व्हिटॅमिन ई."

"अरे, ते तेल खवट होऊ नये म्हणून. जंतूंना ते काय करणार, सलाम?"

मी म्हटलं, मी वाचलंय. तो म्हणाला, "मी पण वाचलंय, बी.फार्म.ला चार वर्षं. पाणी असलं की जंतू आले. आले की मारायला काहीतरी लागतं. आणि हे अत्तर कशाला? पोरगं काय लग्नाला चाललंय? प्रेमराज, तू मोटारी गुंडाळ रे बाबा, पोरांची कातडी नको गुंडाळू."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. त्यानं लायसनचंही काढलं, विकायचं असेल तर लायसन लागतं म्हणे. मी म्हटलं, विकतोय कोण, देतोय. तो म्हणाला, "आज देतोयस."

पदवी असली की माणसाला दुसऱ्याच्या हातचं पटत नाही. तरी परत येताना पायाला चप्पल जड वाटत होती. संध्याकाळी एक नंबरची डबी दोनदा उजेडात धरून पाहिली. पांढरीशुभ्र.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सात नंबरची डबी धुळ्याला कुरियरनं गेली.

मोठी बरणी भिकुबाईला दिली. गावात बाळ-बाळंतिणीची मालिश तीच करते. माहेर साक्रीकडचं, बोलणं तिकडचंच, अहिराणी राहिलंय. सध्या तिच्याकडे सहा घरं आहेत, रोज सकाळी सहाही करते. शकीलची मुलगी नाजमीन बाळंतपणाला आली आहे, तिची मुलगी तेरा दिवसांची, तेही घर त्या सहांतलंच. घरोघर वेगळी डबी दिली असती तर कोण किती लावतंय याचा हिशेब लागला नसता. एक बरणी, एक हात, म्हणजे मोजमाप नीट. फेरीतलं पहिलं घर शकीलचं, म्हणून फेरी संपली की बरणी त्याच्याच खिडकीत ठेवायची.

सोबत नियमांचा कागद दिला, माझ्या अक्षरात. पहिला नियम: हात धुऊनच बरणीत घालावा. दुसरा: झाकण लगेच लावावं. तिसरा: एका बाळाला पाच ग्रॅम, किती ते तराजूवर तिच्याकडून दहा वेळा काढून घेतलं, बोटं बरोबर बसली.

भिकुबाई म्हणाली, "भाऊ, मी तीस वरीसपासून पोरे चोळस. आते तुम्ही माले कागद दी राह्यनात?"

माझी बायको ज्योत्स्ना आतून म्हणाली, "घ्या हो बाई. मला तर चहा करायचाही कागद दिलाय."

२ डिसेंबर, सोमवार

माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला पाच दिवस लावतोय. लाली नाही, खाज नाही. हेमांगीला फोन केला.

"लावतेस का गं?"

"हो पप्पा, लावते."

"कसं आहे?"

"छान आहे."

"आणि वास?"

इथं ती चारेक सेकंद गप्प. नेटवर्क असेल. मग म्हणाली, "छान आहे."

पोराची कातडी पूर्ण मऊ झालीय म्हणे. चार दिवसांत! मी ज्योत्स्नाला सांगितलं, तर ती कढईतली भाजी हलवत राहिली. तिला कौतुक करता येत नाही, आधीपासूनच.

५ डिसेंबर, गुरुवार

आज भिकुबाईबरोबर फेरीला गेलो. आत जायचं काम नाही, पण बाळाला ओसरीवर उन्हातच चोळतात, तेव्हा बाहेर खाटेवर बसून घड्याळ लावून पाहिलं. नोंद:

शकीलकडे ७.२०. भिकुबाईनं मोरीवर साबणानं हात धुतले, झटकले, बरणीत घातले. झाकण लगेच लावलं. नियम पाळला. दुसऱ्या घरी ७.५५. हात धुतले, झटकले, बरणीत घातले. नियम पाळला. तिसऱ्या घरी ८.४०. तसंच.

बाकी तीन घरं दुकान उघडायचं म्हणून पाहिली नाहीत. पण शिस्त म्हणजे काय ते या बाईकडून शिकावं. शकीलची बायको कनीज दारातून म्हणाली, "प्रेमराजभाऊ, आमची परी तुमच्या क्रीमनं गुलाबासारखा वास मारते." शकील कुठे आहे विचारलं, तर आत होता, बाहेर आला नाही.

७ डिसेंबर, शनिवार

सकाळी फेरीआधी शकीलकडून बरणी आणून वजन केलं. आठ दिवस, रोज सहा बाळं, प्रत्येकी पाच ग्रॅम. २४० ग्रॅम संपायला हवं होतं, २६० उरायला हवं होतं. उरलं ३२२! बासष्ट ग्रॅम शिल्लक. म्हणजे माझं क्रीम बाजारच्यापेक्षा कितीतरी जास्त पुरतं. पसरतं चांगलं, म्हणून बाईंना कमी घ्यावं लागत असणार. दोनदा मोजलं. तीनदा मोजलं. तेच.

वरचा थर जरा पातळ वाटला. सकाळची थंडी, मग ओसरीवरचं ऊन, त्यानं होत असेल. लाकडी चमच्यानं ढवळून एकसारखं केलं.

दिवसभर दुकानात मन लागलं नाही. एका मोटारीचं वाइंडिंग उलटं गेलं, सगळी तार उकलून परत बसवावी लागली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

९ डिसेंबर, सोमवार

धुळ्याहून भूपेंद्रशेठचा फोन. माझी ओळख नव्हती. झबली, दुपटी, मच्छरदाण्या, लहान पोरांच्या मालाचे ठोक व्यापारी. सहा घरांतलं एक त्यांच्या मावसबहिणीचं, तिथून ऐकलं. म्हणाले, "प्रेमराजभाऊ, आजकाल आया लेबल वाचतात. रसायनमुक्त एवढं वाचलं की पुढचं वाचत नाहीत. तुमचं नाव, तुमचा फॉर्म्युला, लायसन बियसन माझ्याकडे. तुम्ही फक्त आकडा बोला."

मी म्हटलं, विचार करतो. विचार कसला करतोय, फोन ठेवल्यापासून अंगणात अठरा फेऱ्या मारल्या. ज्योत्स्ना म्हणाली, "अहो, बसा की. फरशी झिजेल."

१२ डिसेंबर, गुरुवार

शकीलचा फोन, दुपारी. नाजमीनच्या मुलीच्या मानेच्या वळीत आणि जांघेत पुरळ आलंय, पाण्याचे फोड. "बघून जातोस का?"

गेलो. सत्तावीस दिवसांची पोर, लोकरीच्या टोपड्यात, लोकरीच्या स्वेटरात गुंडाळलेली. मी म्हटलं, ऊब जास्त झालीय, घामोळं असेल. कनीजनं टोपडं काढलं. मानेच्या वळीत दाण्याएवढे पिवळे फोड, आठ मोजले. घामोळं पिवळं नसतं, हे मला माहीत आहे. तरी मी घामोळंच म्हणालो.

 शकीलनं भिकुबाईची बरणी खिडकीतून उचलून खाली ठेवली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पोरीला सकाळी ताप भरला, दूध ओढेना. जळगावला लहान मुलांच्या दवाखान्यात भरती केली. मी एक नंबरची डबी घेऊन मागोमाग गेलो.

डॉक्टर मॅडम वयानं हेमांगीएवढ्या. विचारलं, अंगाला काय लावता? मी पुढे होऊन सहाही वस्तू टक्केवारीसकट सांगितल्या, डबी टेबलावर ठेवली. त्यांनी डबीला हातही लावला नाही. म्हणाल्या, "ही नको काका. जी रोज उघडत होतात ती आणा."

काका. बरोबर आहे, पण तिथं ते लागलं.

बरणी तपासणीला गेली. फोडातलं पाणीही. काचेपलीकडे पोरगी दिसत होती, हाताला सुई, पट्टीनं बांधलेला हात माझ्या अंगठ्याएवढा. नाजमीन भिंतीला टेकून उभी. मला बघून तिनं पदर सारखा केला आणि "चाचा, चहा घेतला का?" असं विचारलं. ती एवढीशी असताना मी तिला खांद्यावर बसवून उरुसाला नेलेलं आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

एक नंबरची डबी उघडली. सील फोडून, भिंगाखाली. ठिपका नाही, वास बिघडलेला नाही, रंग तोच. मग आठ, अकरा, सतराही उघडल्या. सगळ्या स्वच्छ. एकाच दिवशी, एकाच भांड्यातून भरलेलं क्रीम आहे. म्हणजे क्रीम निर्दोष. मग राहिलं काय? हात.

दवाखान्यात कनीजला तसं बोललो. भिकुबाई गुरांचं करते, शेण काढते, नखात काय काय असतं कोणाला माहीत. कनीज म्हणाली, "पण ती तर हात धुते भाऊ, आम्ही बघतो ना." मी म्हटलं, धुण्यात धुण्यात फरक असतो.

संध्याकाळपर्यंत चार घरांनी भिकुबाईला नको म्हणून सांगितलं. माझं बोलणं एवढ्या लवकर गावभर कसं झालं, कळत नाही.

जेवण गेलं नाही. ज्योत्स्ना म्हणाली, "तुमच्या कागदात नखांचं काही लिहिलं होतं का?" मी म्हटलं, नव्हतं. ती म्हणाली, "मग."

१६ डिसेंबर, सोमवार

ताप उतरला. पोरगी दूध प्यायली. शकीलनं फोनवर फक्त एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. मी दुकानात एकटाच होतो, उठलो, मोटारीवर हात ठेवून उभा राहिलो थोडा वेळ.

भूपेंद्रशेठचा पुन्हा फोन. त्यांच्या कानावर गेलंय. "अहो, पोरांना काही ना काही होतंच. तुम्ही शुक्रवारी धुळ्याला या."

१७ डिसेंबर, मंगळवार

रिपोर्ट आला. बरणीत आणि फोडात एकच जंतू.

मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं. मी चारही बंद डब्यांचं सांगितलं, त्या स्वच्छ आहेत. त्या म्हणाल्या, "असतीलच. तुम्ही उकळून, नीट भरल्यात. बंद डबीचा प्रश्नच नाही काका, प्रश्न उघडल्यानंतरचा आहे. टिकवणारं द्रव्य कोणतं घातलंत?"

"व्हिटॅमिन ई."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे सांगितलं: पाणी असलेल्या क्रीममध्ये जंतूंना रोखणारं काहीतरी घालावंच लागतं, मोजून, बाळाला चालेल एवढंच. ते नसलं तर बाहेरून गेलेला एक थेंबसुद्धा आत वाढतो. बाळांच्या क्रीममध्ये वासाचीही गरज नसते, कितीही शुद्ध अत्तर असलं तरी. शेवटी म्हणाल्या, "नाव उच्चारता येत नाही म्हणून वस्तू वाईट नसते, आणि येतं म्हणून चांगली नसते."

बसमध्ये एकच शब्द डोक्यात: थेंब. नशिराबादला उतरून घरी न जाता दुकानात गेलो आणि ही वही उघडली. पाच तारखेचं पान. हात धुतले, झटकले, बरणीत घातले. तीन घरं, तीनदा मी स्वतः लिहिलंय. पुसले असं कुठेच लिहिलेलं नाही. कारण पुसले नव्हते.

मग सात तारखेचं पान. बासष्ट ग्रॅम जास्त.

तराजू मांडला. अकरा नंबरच्या उघड्या डबीतलं क्रीम वाटीत काढलं. बाहेरच्या नळावर हात धुतला, झटकला, वाटीत बोटं बुडवून पाच ग्रॅम उचलले, वाटीत हिशेबापेक्षा किती जास्त उरलं ते मांडलं. दहा वेळा केलं. सरासरी एका बुडवणीला एक पूर्णांक तीन ग्रॅम पाणी. आठ दिवस, सहा घरं, अठ्ठेचाळीस बुडवण्या. बासष्ट पूर्णांक चार.

क्रीम पुरत नव्हतं. सहा घरांच्या मोऱ्यांचं पाणी बरणीत जमा होत होतं, आणि मी ते लाकडी चमच्यानं एकसारखं करून दिलं.

नियम माझा. अक्षर माझं.

१८ डिसेंबर, बुधवार

सकाळी सातला भिकुबाईच्या दारात उभा राहिलो. ती गोठ्यात होती. या वेळेला ती कधी घरी नसते.

म्हटलं, "बाई, चूक तुमची नाही. माझी आहे." आणि तराजूचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हातातली शेणाची पाटी खाली न ठेवता.

मग पाटी ठेवली, आत गेली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला माझा कागद घेऊन आली. "मन्हा पोऱ्यानी तीनदा वाची दखाडा माले. हात पुसानं कोठे लिखेल शे, भाऊ?"

"नाही लिहिलेलं."

"तीस वरीस मी पदरले हात पुसीसनच पोरले हात लावू. तुमना कागदमा पदरनं नाव नव्हतं. माले वाटनं, शिकेल माणूस शे, काहीतरी व्हई." मग ती म्हणाली, "त्या पोरनी तब्येत कशी शे?"

तिनं आधी मला सुनावलं म्हणून बरं वाटलं, आणि मग हे विचारलं म्हणून लाज वाटली.

तिला घेऊन सहाही घरी गेलो. प्रत्येक दारात एकच वाक्य: बरणी माझी, नियम माझा, बाईंनी तो पाळला. पाचव्या घरी म्हातारे आबा म्हणाले, "मग आता काय लावायचं?" भिकुबाईनं त्यांना डॉक्टरांना विचारा म्हणून सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊले नका विचारू." सगळे हसले. मीही.

शकीलकडे शेवटी गेलो. पोरगी कालच घरी आली आहे. कनीजनं भिकुबाईला आत घेतलं. शकील माझ्याबरोबर पायरीवर बसला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "तरी बरणी घरात कशी येऊ दिलीस?"

तो म्हणाला, "नाही म्हटलं असतं तर तू सहा महिने दुकानावर आला नसतास. मला वाटलं, आठ-दहा दिवसांत काय होतंय. त्या खिडकीतल्या बरणीपुढून मी रोज दोनदा जायचो, प्रेमराज. रोज दोनदा."

चाळीस वर्षांत त्यानं माझी अशी भीती बाळगली असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

२० डिसेंबर, शुक्रवार

सकाळच्या बसनं धुळ्याला. आधी हेमांगीकडे. भूपेंद्रशेठ दुपारी भेटणार होते, आणि मला सात नंबरची डबी ताब्यात घ्यायची होती. अठरा तारखेलाच फोनवर सांगितलं होतं, लावू नकोस, ती म्हणाली बरं. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडेना. वीस दिवस लावलंय त्या पोराला, ओल्या हातानं की कोरड्या, कोण जाणे.

दारात शिरताच पोराला मांडीवर घेतलं, टोपडं काढलं, मान पाहिली, जांघ पाहिली, काखा पाहिल्या. कातडी मऊ. एक फोड नाही. पोरगं माझ्या चष्म्याला हात घालून हसत होतं.

"डबी आण," मी म्हटलं.

हेमांगी उठेना. "पप्पा, आधी चहा घ्या ना."

"डबी आण."

तिनं कपाट उघडलं. लसीकरणाच्या कार्डामागे, कापसाच्या गुंडाळीमागे डबी. सात नंबर. सील तसंच.

मी सील बोटानं चाचपलं. माझंच, माझ्या सहीचं, एक कोपराही उचललेला नाही.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," ती म्हणाली. "मी डॉक्टरांनी दिलेलीच बाटली लावते पहिल्यापासून. मी तुम्हाला सांगणारच होते. आईच म्हणाली, हो म्हण आणि ठेवून दे."

मला रागच यायला हवा होता. तो यायची वाट बघत मी डबी हातात धरून बसलो. चार सेकंद गप्प बसली होती ती त्या दिवशी. मी नेटवर्क म्हणून लिहून ठेवलंय. घरातल्या दोन बायकांनी मला फसवलं आणि त्यामुळे हे पोरगं माझ्या मांडीवर हसत होतं. मग मी ती बाटली मागितली. पुन्हा भिंगानं वाचली. तेवीस नावं. सतराव्या ठिकाणी जंतू रोखणारं द्रव्य होतं. शकीलकडून त्याचं नाव शिकून घेतलंय, मोठ्यानं उच्चारलं. पोरगं माझ्या तोंडाकडे बघत राहिलं.

हेमांगीनं विचारलं, "पप्पा, रागावलात?" मी म्हटलं, "चहा दे."

दुपारी भूपेंद्रशेठच्या गोदामावर. गाद्यांवर गाद्या, मच्छरदाण्यांचे गठ्ठे, माणूस हसतमुख. मी तराजूपासून रिपोर्टपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"भाऊ, तुम्ही प्रामाणिक माणूस. पण उघडल्यावर कोण कसा हात घालतो, ते आपल्या हातात आहे का?"

मी म्हटलं, जंतू रोखणारं द्रव्य घालून, अत्तर काढून, लॅबमधून तपासून, लायसन घेऊन करायचं असेल तर विचार करू. लेबलही बदलावं लागेल.

"मग तुमच्यात आणि बाजारात फरक काय राहिला?" ते म्हणाले. "लोक तुमचं क्रीम घेत नाहीत हो, ती एक ओळ घेतात. ती काढली तर मी काय विकू?"

मग त्यांनी आकडा लिहिलेली चिठ्ठी टेबलावरून माझ्याकडे सरकवली. मी ती वाचली. परत वाचली. दुकानाचं छत, ज्योत्स्नाचा गुडघा, सगळं एका दमात डोळ्यांसमोर आलं. चिठ्ठी परत सरकवायला मला किती वेळ लागला, ते घड्याळात बघायचं राहिलं.

घरी आलो तेव्हा ज्योत्स्ना अंगणात वाळलेले कपडे घडी करत होती. मी सात नंबरची डबी तिच्यासमोर ठेवली. ती डबीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. ती म्हणाली, "उरलेल्या डब्यांचं काय करायचं?"

"रिकाम्या करायच्या. धुवायच्या." आणि म्हटलं, "आणि पुसायच्या."

ती हसली नाही, पण तिनं कपड्यांतलं एक कोरडं फडकं काढून माझ्याकडे दिलं.

२१ डिसेंबर, शनिवार

नोंद अर्धवट राहू नये म्हणून. काल मी नाकारलेला व्यवहार असा: माझ्या क्रीमचं नाव आणि कृती कायमची भूपेंद्रशेठना द्यायची. कृतीत काही वाढवायचं नाही, काही कमी करायचं नाही. लेबलावरची 'शंभर टक्के रसायनमुक्त' ही ओळ माझ्याच अक्षरात छापायची. नशिराबादच्या सहा घरांबद्दल आणि नाजमीनच्या मुलीबद्दल कोणाशी बोलायचं नाही. रक्कम, एकरकमी: चार लाख ऐंशी हजार रुपये.